एका काडीचा प्रमुख

पूर्वी वेत्रा नदीकाठच्या एका नगरात कोणीच राजा राज्य करीत नसताना बोधिसत्त्व तेथे पुण्णक नावाने जन्माला आले. नगराचा कारभार त्रेसष्ट कुळांची सभा पाही. प्रमुख निवडायचा झाला की सोणक नावाचे वृद्ध सेवक तांबड्या आणि पांढऱ्या वेळूच्या काड्या घेऊन प्रत्येकापुढे जात. दोन उमेदवारांचे दोन रंग. हवी ती काडी मुठीत झाकून मडक्यात टाकायची.

त्या वर्षी जुना प्रमुख वारला आणि नदी नऊ दिवस चढतच राहिली. उमेदवार दोघे होते, सिंहभद्र आणि बोधिसत्त्व. सिंहभद्र शूर होता, हाताचा स्वच्छ होता. तो सभेत आला की चाललेले बोलणे थांबे. बोधिसत्त्व आले की थांबलेले बोलणे सुरू होई. थोर कोण, यावर बाजारात भांडणे लागत. रिकाम्या माणसांना आणखी काय हवे?

पण या वेळी प्रश्न रिकामा नव्हता. सिंहभद्र म्हणे, दक्षिणेचा बांध फोडा. पाणी बुरुडवस्तीत जाईल आणि नगर वाचेल. वस्तीला त्याने दुपारपर्यंत मुदत देऊ केली होती. दोनशे घरे, त्यांत खाटेला खिळलेले म्हातारे, ओल्या बाळंतिणी! बोधिसत्त्व म्हणत, सभेसकट सगळ्यांनी माती वाहायची आणि बांध उंच करायचा. सभेत बुरुडांना जागा नव्हती. मडक्यात पडणारी प्रत्येक काडी मात्र त्यांनीच तासलेली होती.

रिवाजाप्रमाणे उमेदवारांनी शेवटी काडी टाकायची. सिंहभद्राने आपली तांबडी टाकली. बोधिसत्त्वांपुढे काड्या आल्या तेव्हा स्वतःच स्वतःला निवडणे त्यांना ओशाळवाणे वाटले. त्यांनीही तांबडी उचलली. आपल्या निःस्पृहपणाचे त्यांना मनातून बरेही वाटले.

सोणकांनी मडके पालथे केले. काड्या मोजून त्यांनी सांगितले,

"तांबड्या बत्तीस. पांढऱ्या एकतीस."

बोधिसत्त्व हरले. एका काडीने! आणि ती काडी त्यांचीच. सिंहभद्राने लगेच कुदळी मागवल्या.

"थांबा," बोधिसत्त्व कसेबसे म्हणाले. "मी तांबडी टाकली. स्वतःचे नाव घ्यायला संकोच वाटला."

दारात सामा नावाची एक बुरूड बाई टोपली कडेवर घेऊन निकाल ऐकायला उभी होती. ती पुढे आली. तिला कोणी अडवले नाही, इतके सगळे सुन्न होते.

"व्वा दादा," ती म्हणाली. "चांगलं तुमी दिसायचं, आन् बुडायचं आमी?"

एवढी लाज बोधिसत्त्वांना आयुष्यात वाटली नव्हती. मग ते सोणकांकडे वळले. "काडी चुकून टाकली गेली असेल तर पुन्हा वाटण्याचा तुम्हाला अधिकार आहे. पुन्हा वाटा. मला माझी काडी हवी."

"एवढा हव्यास होता, तर मघाशी साधूचा आव कशाला आणलास?" सिंहभद्र गरजला. लोक हसले. कोणी तरी थुंकलेसुद्धा. बोधिसत्त्व मान खाली घालून उभे राहिले, पण मागणी त्यांनी सोडली नाही.

सोणकांनी पुन्हा काड्या वाटल्या. बोधिसत्त्वांच्या बाजूचा एक जण चिडून फुटला, पलीकडचा एक शरमून आला. शेवटी बोधिसत्त्वांनी सगळ्यांदेखत मूठ उघडून पांढरी काडी टाकली. पांढऱ्या बत्तीस झाल्या.

त्यांचा पहिला हुकूम असा: "माती वाहणाऱ्यांवर सिंहभद्र देखरेख करील. लोक माझे ऐकतात, पण त्याच्यासमोर हलतात." सिंहभद्र थक्क झाला. क्षणभर घुटमळला आणि मग खरोखरच बांधाकडे धावला. तिसऱ्या दिवशी पूर ओसरला. वस्तीतले एक मूलही दगावले नाही. नगर मात्र बोधिसत्त्वांना मरेपर्यंत 'एका काडीचा प्रमुख' म्हणून चिडवीत राहिले.

एवढे सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, थांबले. शेजारच्या दोन गणप्रमुखांत अधिक विरक्त कोण, यावर सकाळपासून हमरीतुमरीवर आलेले भिक्खू आता गप्प होते.

"तो पुण्णक मीच होतो," शास्ते म्हणाले. भिक्खू एकमेकांकडे पाहू लागले. "सोणक म्हणजे आज तुमच्यासाठी पाणी भरणारे वृद्ध थेर, तुमच्यातले ज्येष्ठ भिक्खू. सिंहभद्र म्हणजे आज सर्वांत मोठ्याने वाद घालणारा तू, कोट्ठक."

कोट्ठकाचा चेहरा पडला. "आणि ती सामा, भगवन्?" त्याने हळूच विचारले.

"विहाराच्या दाराशी पंखे विकत बसते ती. सकाळी तुम्ही तिला वाटेतून ऊठ म्हणालात."

कोणाच्याने मान वर करवेना.

"तिच्यापुढे मला जे वाटले, तेच आता तुम्हाला वाटते आहे," शास्ते म्हणाले. "त्या गुणाचे नाव लाज. बुद्धत्वाच्या वाटेवर त्या जन्मी मी तोच पुरा केला."