डोंगऱ्याला सांगितलेलं काम

फार जुन्या काळी, किती राजे होऊन गेले हे सांगायलाही कुणी उरलेलं नाही इतक्या जुन्या काळी, एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात राणोजी नावाचा म्हातारा माहूत राहायचा. त्याचा मुलगा राजाच्या फौजेतले हत्ती सांभाळायला दूरदेशी गेला होता. घरी होता राणोजी, त्याची सून चिमा आणि डोंगऱ्या नावाचा थोराड हत्ती.

डोंगऱ्याला मोजकेच शब्द कळत. चल, फिर, उचल, ठेव, थांब. दगड, पाणी, पाय, कोरडं असे आणखी थोडे. त्याशिवाय राणोजीने त्याला ‘जर’ आणि ‘जोवर’ यांचा अर्थ मोठ्या कष्टाने शिकवला होता. एवढ्या शब्दांवर तो हत्ती वाटेल ते काम करायचा.

एकदा काय झालं, राणोजी माळ्यावरून पडला आणि त्याचा पाय मोडला. त्याच सुमारास गावाच्या वरच्या खिंडीत कडा कोसळला. ओढा अडला, आणि दगडांच्या ढिगामागे पाणी साठू लागलं. गावचा पाटील धावत राणोजीकडे आला.

“राणोजीबाबा, हा ढीग एकदम फुटला तर गाव वाहून जाईल. एका कडेने दगड काढून पाण्याला वाट द्यायला हवी. पण ते दगड माणसांच्याने हलत नाहीत.”

“हत्ती हलवेल,” राणोजी म्हणाला. “पण मी तर असा खाटेवर.” आणि त्याने सुनेकडे पाहिलं.

चिमा दचकली. तिने आजवर डोंगऱ्याला गूळ भरवला होता, त्याला काम कधी सांगितलं नव्हतं.

“मामंजी, मी?”

“तूच. चल, अंगणात सुरू कर. त्याला तो ओंडका उचलायला लाव.”

चिमा हत्तीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, “उचल!” डोंगऱ्याने समोरची भरलेली घागर उचलली. पाणी त्याच्या सोंडेवरून घळाघळा वाहू लागलं.

“अरे, ती नाही! ओंडका!” हत्ती घागर धरून तसाच उभा. ‘ती नाही’ किंवा ‘ओंडका’ हे शब्द त्याला ठाऊकच नव्हते.

“मामंजी, हा माझं ऐकतच नाही.”

“ऐकतोय, सूनबाई. घागर त्याच्या समोर होती. आधी त्याला ओंडक्यापाशी न्यायचं, मग उचलायला सांगायचं.”

“पण मला ओंडकाच म्हणायचा होता!”

“ते तुझ्या मनात होतं. त्याच्या कानात फक्त ‘उचल’ पडलं.”

चिमा गोंधळली. इतका मोठा, इतका शहाणा जीव, आणि त्याला एवढंही समजू नये? तिने पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं. कधी ‘ठेव’ आधी सांगितलं आणि ‘फिर’ नंतर, तर त्याने ओंडका उचलला तिथेच ठेवला आणि मग रिकाम्या सोंडेने गर्रकन वळला. शब्द तेच होते, पण मागेपुढे झाले की काम भलतंच होऊन बसायचं. डोकं नुसतं भणभणत होतं.

मग राणोजीने तिला ‘जोवर’ वापरायला सांगितलं, म्हणजे एकेका दगडासाठी ओरडावं लागणार नाही. अंगणाच्या कडेला दगडांची रास होती. चिमा म्हणाली, “जोवर दगड आहेत, तोवर उचल, फिर, चल, ठेव, फिर, चल.” आणि डोंगऱ्या झुलत झुलत ये-जा करू लागला. चिमाला हायसं वाटलं. ती चुलीकडे वळली, आणि थोड्या वेळाने शेजारच्या गंगूकाकूंचा आरडाओरडा ऐकून बाहेर धावली.

“चिमे, आवर गं त्याला! माझी भिंत उचलून नेतोय मेला!”

रास संपली होती. डोंगऱ्याने शेजारची दगडी भिंत उपसायला घेतली होती.

“मी राशीतले म्हणाले होते!” चिमा रडकुंडीला आली.

“रास कुठे म्हणालीस?” राणोजी म्हणाला. “दगड म्हणालीस. भिंतीत दगडच आहेत. ‘जोवर’ म्हटलं की कुठवर, ते नीट सांगावं लागतं.”

गंगूकाकूंची समजूत घालून चिमा ओट्यावर बसून राहिली. उद्या सकाळी खिंडीत जायचं होतं. तिथे तर याहून अवघड. वरून दगड सुटत होते, म्हणून हत्तीवर बसून जाता येणार नव्हतं. त्यांचा आवाज खिंडीत इतका घुमत होता की टेकाडावरून मारलेली हाक हत्तीपर्यंत पोचणार नव्हती. सगळं काम त्याला आधीच सांगून एकट्याला पाठवायचं होतं.

“मामंजी, मला त्याच्या डोक्यात काय चालतं तेच कळत नाही.”

“मग घटकाभर तू हत्ती हो.”

चिमाने पदर खोचला. अंगणात दगड मांडले, घरामागच्या परड्याला ओढा मानला आणि तिने ठरवलेले शब्द राणोजी खाटेवरून एकेक उच्चारू लागला. ती सांगेल तेवढंच करायची, अंगचं शहाणपण बाजूला ठेवून. पहिल्याच फेरीत तिला कळलं की दगड जड निघाला तर काय करायचं, हे सांगायचं राहिलंय. तिने शब्द जोडले: जर उचलला नाही, तर पुढचा घे. थांबायचं कधी, याचा तिने फार विचार केला. शेवटी ठरवलं, जोवर पाय कोरडे, तोवर दगड काढ. पायाला पाणी लागलं की थांब.

“थांब,” राणोजीने फेरीचा शेवटचा शब्द उच्चारला. चिमा थांबली, हसली, हात झटकले आणि भाकऱ्या करायला घरात गेली. दोघांनाही वाटलं, झालं.

सकाळी खिंडीच्या तोंडाशी चिमाने डोंगऱ्याच्या कानात सगळं सांगितलं. तो गेला. गाव टेकाडावर श्वास रोखून उभं होतं. एक दगड निघाला, दुसरा निघाला. एक हलेना, तो सोडून डोंगऱ्याने पुढचा घेतला. लोक चिमाकडे कौतुकाने पाहू लागले. अखेर ढिगाच्या कडेतून पाण्याची धार फुटली, ओढ्याच्या जुन्या पात्रात उतरली आणि डोंगऱ्याच्या पायाला लागली.

डोंगऱ्या थांबला.

लोकांनी जल्लोष केला. धार रुंदावत गेली. पाणी हत्तीच्या घोट्यावर आलं, गुडघ्याशी आलं. पायाखालची वाळू सुटत होती. डोंगऱ्या अंग चोरत होता, सोंड वर करून टेकाडाकडे पाहत होता, पण जागचा हलत नव्हता.

“वेडा झालाय का तो?” पाटील ओरडला. “बाहेर का येत नाही?”

चिमाला आता उमगलं. तिने त्याला थांबायला सांगितलं होतं. परत ये, असं सांगितलंच नव्हतं. काल अंगणात ती थांबली आणि कुणी न सांगता उठून घरात गेली होती. तेवढ्यापुरती ती हत्ती राहिली नव्हती.

ती टेकाडावरून धावत सुटली. लोक मागून ओरडत होते, दगड आजूबाजूला आदळत होते. एक तिच्या खांद्यावर बसला. कमरेएवढ्या पाण्यातून तिने डोंगऱ्याचा कान गाठला, घट्ट धरला आणि त्यात तोंड घालून म्हणाली, “फिर. चल.”

तो लगेच फिरला. तिला सोंडेने सावरत पाण्याबाहेर चालत आला. दोघं काठावर पोचली तेव्हा तो उभा होता ती जागा पाण्याने पोटात घेतली होती.

गाव वाचलं. चिमाच्या खांद्यावर वण कायमचा राहिला आणि हात पुढे कधी पुरता वर गेला नाही. पाटलाने तिला लुगडं दिलं, लोक पाया पडले, पण तिने हत्तीपुढे बसून त्याच्या पायांना आधी तेल चोळलं. पुढे दूरदूरच्या माहुतांची मुलंमुली तिच्याकडे शिकायला येऊ लागली. ती त्यांना आधी हत्तीजवळ फिरकूच देत नसे. सांगायचं काम स्वतः करून दाखवा म्हणे, थेट घरी परत येईपर्यंत.

तात्पर्य: जो आपण सांगितलेलं जसंच्या तसं करतो, त्याला काही सांगण्याआधी आपल्या शब्दांची वाट आपण शेवटपर्यंत चालून पाहावी.