मिर्मी मुंगी आणि पाताळातली पिपा

दूर समुद्रापलीकडे ग्रीस देश. तिथे राहायची मिर्मी मुंगी. ती एवढीशी. तिची बहीण पिपा, ती तर तिच्याहूनही इवलीशी.

एकदा काय झालं, जमीन फाटली. कर्रर्र. पिपा आत पडली. भेग मिटून गेली. पिपा गेली थेट पाताळात.

मिर्मी रडली रडली. मग निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

काळी काळी नदी आली. काठाला नाव. नावेत म्हातारा नावाडी.

"नावाडीबाबा, नावाडीबाबा, पाताळात ने. माझी पिपा आणायचीय."

"मी नाही नेत. तीन तोंडांचा कुत्रा नाव हलू देत नाही. तो निजला तर नेईन."

तुरुतुरु तुरुतुरु. कुत्रा भुंकत होता. भो भो भो.

"कुत्रोबा, कुत्रोबा, नीज ना रे.
नाव हलेना, पिपा भेटेना."

"मी नाही निजत. तिन्ही तोंडं कडू झालीत. मध मिळाला तर निजेन."

तुरुतुरु तुरुतुरु. मधमाशी गप्प बसली होती.

"माशीताई, माशीताई, मध दे ना गं.
कुत्रा निजेना, नाव हलेना, पिपा भेटेना."

"कुठला देऊ? पोळं कोरडं ठणठणीत. कळी उमलली तर देईन."

तुरुतुरु तुरुतुरु. कळीनं तोंड मिटलं होतं.

"कळीबाई, कळीबाई, उमल ना गं.
मध मिळेना, कुत्रा निजेना, नाव हलेना, पिपा भेटेना."

"मी नाही उमलत. देमेत्राआई हसली तर उमलेन."

देमेत्राआई म्हणजे सगळ्या शेतांची, सगळ्या फुलांची आई. ती दगडावर बसली होती. केस मोकळे. डोळे सुजलेले.

"देमेत्राआई, देमेत्राआई, हस ना गं.
कळी उमलेना, मध मिळेना, कुत्रा निजेना, नाव हलेना, पिपा भेटेना."

"कशी हसू? जमीन फाटली, त्या भेगेत माझी लेक पडली. ती आली तर हसेन."

आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं. मिर्मी तिथेच बसली आणि हमसून हमसून रडली.

देमेत्राआईनं खाली वाकून पाहिलं.

"तुझंही कुणी गेलं का गं, बाळा?"

"माझी पिपा," मिर्मी म्हणाली. "तुझी लेकसुद्धा मीच आणते. नाव तेवढी हलू दे."

एवढीशी मुंगी, आणि लेक आणणार म्हणे. देमेत्राआईला रडता रडता हसू आलं.

आई हसली, कळी उमलली.
कळी उमलली, मध मिळाला.
मध मिळाला, कुत्रा निजला.
कुत्रा निजला, नाव हलली.
नाव हलली, पिपा भेटली.

कुठे भेटली? पाताळात, देमेत्राआईच्या लेकीच्या तळहातावर. दोघी रडून रडून दमल्या होत्या.

"चला घरी," मिर्मी म्हणाली.

नाव परत आली. चुबुक चुबुक. लेक उतरली. देमेत्राआईनं तिला कुशीत घेतलं. कितीतरी वेळ सोडलंच नाही.

मिर्मीनं पिपाला पाठीवर घेतलं. तुरुतुरु तुरुतुरु.

"ताई, मला चालता येतं," पिपा म्हणाली.

"माहीत आहे," मिर्मी म्हणाली. पण घर येईपर्यंत तिनं पिपाला खाली ठेवलं नाही.