गोजराबाईने उंबरा सोडला

एक होता राजा. राजा तसा बरा होता, पण या गोष्टीत त्याचं फारसं काम नाही. त्याने गावाबाहेर एक पांजरपोळ बांधला होता, एवढंच लक्षात ठेवा. पांजरपोळ म्हणजे ज्यांना कोणी नाही अशा जनावरांचं घर.

तर काय झालं, त्या पांजरपोळात कुत्री फार झाली. एकाच्या अंगावर दुसरं झोपायला लागलं. मग लहान पिल्लं आजारी पडायला लागली. मग राजाने दवंडी पिटवली. "ज्याच्या घरी जागा असेल त्याने एक पिल्लू न्यावं. खाऊ घालावं, बरं करावं, आणि कायमचं घर मिळालं की देऊन टाकावं. मग दुसरं न्यावं."

लोक म्हणाले, "हे काय! सांभाळायचं आपण आणि न्यायचं दुसऱ्याने?" कुणी पुढे येईना.

आली ती एकटी गोजराबाई. नदीच्या काठाला तिची झोपडी होती. बांबूच्या टोपल्या विणायची. पांजरपोळाचे कारभारी होते भानजी. ते म्हणाले, "बाई, नाव ठेवू नका हो पिल्लाचं. नाव ठेवलं की जीव गुंततो. नाव ज्याच्या घरी जाईल तो ठेवेल."

"नाही ठेवत," गोजरा म्हणाली. "माझं मलाच नाव नीट आवडत नाही, त्याला काय ठेवू."

पहिलं पिल्लू आलं ते काळं. सगळ्या अंगाला लूत. केस म्हणून राहिला नव्हता. गोजराने रोज करंजाचं तेल चोळलं, भाकरी ताकात कुस्करून घातली. हळूहळू मखमलीसारखे केस आले. मग एक कुंभार आला आणि म्हणाला, "मी नेतो." गोजराने पिल्लाच्या जिभेला बोटभर दही लावलं आणि पाठवलं.

आता हे दही म्हणजे काय, ते सांगते. घरातून कुणी लांब निघालं की हातावर दही घालतात ना? परीक्षेला जाताना तुमची आई घालते, तसंच. आपल्याकडे नुसती पद्धत आहे. पण त्या राज्यात ते दही खरंच काम करायचं, बरं का. ज्या घरचं दही खाऊन निघालात, त्या घरच्या उंबऱ्याशी परत यायचंच. वाटेत वाघ असो नाहीतर पूर असो. म्हणून त्या राज्यात माणसं हरवत नसत. आणि सगळ्यांच्या हाताला ती सवय इतकी झालेली की दही घालताना कुणी विचार करत नसे.

दुसऱ्या दिवशी गोजरा दार उघडते तो काय, काळं पिल्लू उंबऱ्याला नाक लावून बसलेलं! कुंभार आला, घेऊन गेला. गोजराने परत दही लावलं. पिल्लू परत आलं. परत नेलं, परत आलं. कुंभार म्हणाला, "बाई, माझी मडकी कच्ची राहिली या येण्याजाण्यात."

मग भानजींनी पिवळं पिल्लू आणलं. त्याचा पाय मोडला होता. गोजराने बांबूच्या कामट्या तासून पायाला बांधल्या. पाय जुळला. एक तेलीण त्याला घेऊन गेली. तेही दही खाऊन गेलं आणि परत आलं.

भानजी वैतागले. "गोजराबाई, पिल्लं देता की फिरवून आणता? तुमच्या घरातली हलत नाहीत, तर माझ्याकडची कुठे ठेवू?"

गोजराची शेजारीण होती हौसा. तिला सगळ्यांच्या घरातलं सगळं माहीत असायचं. लोक तिला नावं ठेवायचे. ठेवू देत. लक्ष ठेवणारं कुणीतरी लागतंच. तर हौसा कुडावरून डोकावून म्हणाली, "अगं येडे, दही कुणाचं? तुझं. उंबरा कुणाचा? तुझा. मग ते कुंभाराकडे राहील कसं? त्यांच्या घरी त्यांना घालू दे की दही!"

गोजराने कपाळाला हात लावला. कुंभाराने आपल्या घरचं दही घातलं. तेलिणीने आपल्या घरचं घातलं. दोन्ही पिल्लं तिथं सुखाने राहिली.

मग आलं तिसरं. पांढरं, एवढंसं, आणि भित्रं तर इतकं की टोपलीखाली जाऊन बसलं ते बाहेरच येईना. कुणी फार मारलं होतं त्याला. गोजराने ओढून काढलं नाही. ती त्याच्याकडे पाठ करून टोपल्या विणत बसायची, बघायचीसुद्धा नाही. मग एक दिवस त्याने कामटी हुंगली. मग तिच्या पदराच्या टोकावर येऊन झोपलं. मग तिच्या मांडीत.

आणि मग पलीकडच्या काठाचा नावाडी आला. म्हातारा, बोलायला कमी. तो काही बोललाच नाही, पाठ करून उंबऱ्यावर बसून राहिला. पिल्लू आपणहून गेलं आणि त्याच्या पायाशी बसलं. गोजराला कळलं, माणूस बरोबर आहे.

पण तिला पिल्लू सोडवेना. नाव सोडायची वेळ झाली तशी ती आत गेली, बोटभर दही आणलं आणि पिल्लाच्या जिभेला लावलं.

तुम्ही म्हणाल, कळत होतं तर का लावलं? कळत होतं म्हणूनच लावलं. यावं परत, असं वाटलं तिला.

नाव निघाली. नदीला पाणी होतं भरपूर. नाव मधोमध गेली आणि पिल्लाला दह्याने ओढ लावली. मारली त्याने उडी! नावाडी ओरडला, पण धारेत नाव मागे वळते होय? ती पुढेच गेली. इवलंसं पिल्लू गोजराच्या घराकडे तोंड करून पाय मारायला लागलं. पाणी त्याला खाली नेत होतं आणि ते वर येत होतं.

"माघारी फीर! त्याच्याकडे जा!" गोजरा काठावरून ओरडली. पण ते कसं जाणार? त्याला उंबऱ्याकडेच यायचं होतं.

मग गोजरा पळत घरी गेली, पहार घेतली आणि दाराचा उंबराच उचकटायला लागली.

हौसा किंचाळली, "अगं, लक्ष्मीची जागा ती! रोज हळदीकुंकू वाहतेस, आणि उखडतेस?"

"लक्ष्मीला पोहता येतं," गोजरा म्हणाली. "त्याला येत नाही. धर ते टोक!"

हौसाने धरलं, बरं का. दोघींनी ती आंब्याची फळी नदीपर्यंत नेली आणि दिली ढकलून. फळी धारेला लागली. पिल्लाने मान वळवली. उंबराच आपल्याकडे येतोय म्हटल्यावर ते फळीकडे पाय मारायला लागलं. आणि चढलं! हळदीकुंकवावर चार पाय रोवून उभं राहिलं.

धार पलीकडच्या काठाकडे ओढत होती. नावाड्याने तिकडून बांबू लावून फळी ओढून घेतली, पिल्लाला छातीशी धरलं. मग ती फळी आपल्या झोपडीच्या दारात बसवली. उंबरा तिथं, म्हणजे पिल्लूही तिथं. ते परत कधी पळालं नाही.

गोजरा काठावर बसून खूप रडली. हौसा तिच्याशेजारी बसली आणि आपल्या पदराने तिचे डोळे पुसत राहिली.

सुतार नवा उंबरा घेऊन आला, तेव्हा गोजरा म्हणाली, "नको. माझ्या घराला आता असंच राहू दे."

मग काय झालं, भानजी पिल्लं आणत राहिले. आजारी आणत, मोडकी आणत, भित्री आणत. गोजरा त्यांना बरं करायची. जाताना प्रत्येकाच्या जिभेला बोटभर दही लावायची, आणि ते जायचं ते जायचंच. कारण ज्या दाराला उंबराच नाही, तिथलं दही मागे ओढत नाही. नुसतं गोड लागतं. मग भानजी पुढचं आणायचे.

पिल्लांना घरं मिळाली, घरांना पिल्लं मिळाली, पांजरपोळात सगळ्यांना पाय पसरायला जागा झाली. गोजराही सुखात राहिली आणि हौसाही. संपली गोष्ट. आता तुम्हीही पाय पसरा, पांघरूण घ्या आणि डोळे मिटा. दिवा मी घालवते.