सुटणारी खिटी

डोंगरातून, ओढ्यांतून घोडागाड्यांच्या शर्यती लागायच्या, त्या दिवसांतली ही गोष्ट. दाजिबा लोहाराने शर्यतीसाठी एक गाडी बांधली. वळणावर कलंडू नये म्हणून तिची बैठक जमिनीलगत ठेवली, वाटेतल्या खांबांना अडकू नयेत म्हणून चाकांचे तुंबे, म्हणजे आरे बसतात ते मधले गोल ठोकळे, गुळगुळीत केले. आणि घोडी जुंपायच्या जागी एका झटक्यात निघणारी खिटी बसवली.

गाडीला ती खिटी मुळीच आवडली नाही. "दाजिबा, सगळं पक्कं केलंत आणि नेमकं हेच कच्चं ठेवलंत? साळुंकी घोडी मला सोडून जाईल की!"

"तिला जाता आलं पाहिजे," दाजिबा म्हणाला.

गाडी रुसली. सरावाच्या वाटेवरचा चिखल तिने खिटीभोवती धरून ठेवला. चिखल वाळला, खिटी घट्ट बसली.

शर्यतीत ओढा ओलांडताना साळुंकीचा पाय खड्ड्यात गेला आणि ती आडवी झाली. मागून गाडीचं ओझं तिला पाण्यात दाबू लागलं. गाडी हाकणारा दाजिबा पाण्यात उतरून खिटी उपसत होता, पण ती हलेना.

"सोड गं मला!" नाकातोंडात पाणी जात असताना साळुंकी ओरडली.

गाडीने सगळं अंग असं हलवलं की चिखल फुटला. खिटी निघाली. साळुंकी धडपडत उठली आणि मागे वळूनही न पाहता पलीकडच्या काठावर गेली.

"गेली," गाडी पुटपुटली.

काठावर साळुंकीने अंग झाडलं, दम खाल्ला. मग ती परत पाण्यात उतरली आणि गाडीपुढे आपल्या जागी येऊन उभी राहिली.

"आता घट्ट ठोकून टाकू का?" दाजिबाने विचारलं.

"नको," गाडी म्हणाली. "खिटीला तेल घाला."