कोरा समास

एका वैद्याकडे एकदा एक व्यापारी आला. वैद्य म्हातारा होता, तुसडा होता, आणि तापावर त्याच्यासारखा हात त्या मुलखात दुसऱ्या कोणाचा नव्हता. व्यापाऱ्याने शहरात नुकताच छापखाना काढला होता.

"वैद्यबुवा, तुमची पोथी द्या. तीनशे प्रती छापतो. जिथं वैद्य पोचत नाही तिथं पुस्तक पोचेल. पुण्य तुमचंच."

बोलणे खोटे नव्हते. व्यापारी लबाड असता तर गोष्ट सोपी होती. तो सरळ माणूस होता, हीच अडचण.

वैद्याने पोथीचे फडके सोडले. सुटी पाने, मधोमध मूळ ग्रंथ आणि चारी बाजूंना रुंद समास. त्या समासांत चार पिढ्यांनी बारीक अक्षरात लिहून ठेवले होते. कुठे 'पावसाळ्यात गुण येत नाही', कुठे 'येथे ग्रंथकार चुकला', कुठे नुसतेच 'मला पटत नाही'. पणजोबाचे आजोबाने खोडले होते, आजोबाशी बापाने वाद घातला होता.

"छापा," वैद्य म्हणाला. "पण समासातलं सगळं छापायचं. आणि त्याच्याही बाहेर तेवढीच जागा कोरी सोडायची."

"कोरी? ती कशाला?"

"लागेल."

व्यापारी हसला. "बुवा, कोऱ्या कागदाला गिऱ्हाईक कुठून आणू? आणि हे मुंग्यांचं वारूळ कोण वाचणार? लोकांना एक काय ते सांगा. तुमच्या घरातली चार पिढ्यांची भांडणं कशाला विकायची?"

"मग राहू दे." वैद्याने पोथी पुन्हा फडक्यात बांधली.

हे सारे त्याचा शिष्य ऐकत होता. सात वर्षे त्याने त्या घरी मुळ्या कुटल्या होत्या. एवढी विद्या, आणि कोऱ्या कागदाच्या हट्टापायी ती बांधून ठेवायची! म्हातारा विद्या दडपतो आहे, असे त्याच्या मनाने घेतले. पुढे वैद्य वनस्पती आणायला पंधरा दिवस रानात गेला, तेव्हा शिष्याने मधला ग्रंथ तेवढा सुवाच्य अक्षरात उतरवला आणि व्यापाऱ्याला नेऊन दिला.

पुस्तक निघाले. सुबक होते. आठवडेबाजारांत हातोहात खपले. वैद्याने एक प्रत चाळली, कडेवरून अंगठा फिरवला आणि खाली ठेवली. शिष्याला तो काही बोलला नाही. बोलायला हवे होते, असे मला वाटते.

चार महिन्यांनी नदीपलीकडचा एक कुंभार दारात आला. त्याच्या तीन वर्षांच्या मुलीला ताप होता. शेजाऱ्याकडून पुस्तक वाचून घेऊन त्याने बचनागाच्या विषारी मुळीची मात्रा दिली. संध्याकाळपर्यंत मुलगी गेली. तो भांडायला आला नव्हता. त्याला एवढेच विचारायचे होते :

"बुवा, माझं मोजायला काही चुकलं का?"

"नाही," वैद्य म्हणाला. "तुझं काही चुकलं नाही."

कुंभार गेल्यावर वैद्याने पोथीचे ते पान काढून शिष्यापुढे धरले. समासात लिहिले होते : 'पाच वर्षांच्या आतील मुलास देऊ नये.' आणि खाली त्याच हाताने : 'दिले होते.'

"वाचलं होतंस?"

"वाचलं होतं."

"ही ओळ माझ्या आजोबांची. ती लिहायला एक मूल गेलं. ग्रंथ करणारा शहाणाच होता; पण त्याला जे दिसलं नाही ते पुढच्याला दिसलं, त्यानं ते बाजूला लिहिलं. तेवढीच आपली विद्या, गाढवा. बाकी पाठांतर. तू मधलं तेवढं छापून लोकांना सांगितलंस, की झालं, आता कोणी काही पाहायचं नाही, काही म्हणायचं नाही. मी कोरी जागा मागितली ती ह्या कुंभारासाठी. त्याला आता एक गोष्ट कळली आहे. कुठं लिहवून घेईल तो?"

शिष्य आधी छापखान्यात गेला. व्यापारी हादरला, पुढच्या खेपेला ती ओळ घालतो म्हणाला. पण विकलेली पुस्तके कोणाच्या घरी गेली, हे त्यालाही ठाऊक नव्हते. मग शिष्य दौत-बोरू घेऊन गावोगाव हिंडू लागला. पुस्तक सापडले की ती ओळ अक्षरांवरूनच आडवी लिहायची. कडेला जागा नव्हती. महिनाभरात नऊ सापडली.

दहावे एका सुताराच्या घरी होते. मूल वाकळीवर तापाने फणफणलेले, आणि सुतार सहाणेवर औषध उगाळत होता.

"थांबा दादा! एवढ्या लहानाला हे द्यायचं नसतं."

"कोण म्हणतं?"

"मी. पुस्तकात ते राहून गेलंय."

सुताराने पान उघडून बोट ठेवले. "हे बघ. तसलं काही नाही इथं."

"दादा, ते मीच लिहून दिलंय."

सुताराने त्याच्या धुळीने भरलेल्या पायांकडे पाहिले. "तू? अरे, छापून आलंय ते! छापणारे काय खुळे आहेत, आणि तू एकटा शहाणा?"

स्वतःच उतरवलेल्या ओळींपुढे शिष्य खोटा पडला होता.

सुताराची बायको मुलाच्या उशाशी होती. तिला अक्षर येत नव्हते. तिने शिष्याच्या तोंडाकडे पाहिले. "कुणाचं लेकरू गेलं रे?"

"नदीपलीकडच्या कुंभाराचं. तीन वर्षांची होती."

बाई उठली, सहाण उचलून परसात गेली आणि धुऊन आणली. नवरा ओरडत राहिला. शिष्य तीन दिवस त्यांच्या ओटीवर बसून होता. चौथ्या दिवशी ताप उतरला.

परतल्यावर तो गुरूला म्हणाला, "त्या बाईला वाचता येत नव्हतं, म्हणून मूल जगलं."

"विचारता येत होतं, म्हणून जगलं," वैद्य म्हणाला. "तिच्या नवऱ्याला छापलेलं दिसलं आणि त्यानं विचारणं सोडलं. पुढं सगळ्यांनाच वाचता येईल. मग विचारील कोण?"

शिष्याला ते कळले. कळून बरे वाटले नाही. त्याने पुन्हा वहाणा चढवल्या. दोनशे नव्वद पुस्तके राहिली होती, आणि ती सगळी त्याला कधीच सापडली नाहीत.