ठकूआक्काची हाक

फार वर्षांपूर्वी, या डोंगरात धड पाऊलवाटाही रुळल्या नव्हत्या तेव्हा, खैरमाळ नावाच्या वाडीत ठकू राहायची. आईबाप गेलेले, पाठचा भाऊ गेनू तेवढा उरलेला. ठकूचा आवाज म्हणजे काय विचारता! तिनं डोंगराच्या माचीवरून हाळी दिली की पलीकडच्या खोऱ्यातली गुरं कान टवकारायची, असं म्हणतात. पोरीला त्याची घमेंडही होती. भांडणात तिच्यापुढे उभं राहायची कुणाची टाप नव्हती. वाडीच्या तोंडी दिवसभर ठकू, ठकू, ठकू.

एकदा गेनू शेरडं घेऊन रानात गेला तो परतलाच नाही. त्याला चकवा लागला होता. चकवा म्हणजे माणसाला त्याच त्या झाडांभोवती फिरवत ठेवणारं रानातलं भूत. म्हातारे म्हणाले, "दम धर पोरी. चकवा उतरला की येईल त्यो."

ठकू ऐकते कसली! "त्याला घेतल्याबिगर ह्यो उंबरा चढनार न्हाई," म्हणाली, पदर खोचला आणि निघाली.

आणि गेनू चार दिवसांनी आपल्या पायांनी घरी आला. तोवर ठकू कितीतरी डोंगर ओलांडून गेली होती. तो तिच्यामागे निघाला, तर लोकांनी धरून ठेवलं. दोघं एकमेकांना शोधत जन्म घालवाल, म्हणाले. मग तो रोज सांजेला माचीवर उभा राहून तिला हाका मारू लागला.

तिकडे ठकू चाललीच होती. "गेनू रं! गेनू!" तिच्या हाकेनं वाघ वाट सोडायचे, नदी वाहायची थांबून ऐकायची, असं म्हणतात. ओ तेवढी कुणी देईना. पावसाळे आले, गेले. कंदमुळं खावीत, कपारीत निजावं, उठून हाक मारावी. बोलायला कुणी नाही, भांडायला कुणी नाही, नावानं बोलावणारंही कुणी नाही. आधी आधी तिला याचंच फार रडू यायचं. पुढे रडणं आटलं, घमेंड कधी गळून गेली ते कळलंही नाही, आणि एक दिवस तिला स्वतःचं नाव आठवेना. तिनं फार आठवूनही पाहिलं नाही. गेनूचं नाव होतं ना, तेवढं तिनं जपलं.

फिरत फिरत ती पुन्हा वाडीवरच्या रानात आली, तेव्हा तिचे केस पांढरे झाले होते. माचीवर एक म्हातारा रडत हाका मारत होता, "ठकूआक्का! ए ठकूआक्का!"

पूर्वीची ठकू असती तर त्याची नक्कल करून हसली असती. ही त्याच्या शेजारी बसली. "कोन हरवलंय, बाबा?"

आवाज ऐकताच म्हातारा हादरला. "आक्का, मी गेनू. घरला चल."

तिनं त्याच्या सुरकुतल्या गालावरून हात फिरवला. "माझा गेनू ल्हान हाय रं, आता कुठं मिसरूड फुटलंय त्याला. तुझी भन हरवली व्हय? रडू नगंस. येकटी आसंल बिचारी. आता मी तिलाबी हाका मारते."

आणि ती उठून गेली. गेनू धावला, पण रानानं तिला पोटात घेतलं, असं म्हणतात.

तेव्हापासून रानातून दोन नावांच्या हाका येतात. वाट चुकलेलं माणूस त्या हाकांच्या मागे चालत राहतं आणि बरोबर माचीवर निघतं. ती स्वतः मात्र कधी आली नाही.

खैरमाळात अजून कुणी सांजेला आपल्या माणसाला आधी हाक मारत नाही. पहिली हाक तिची. "ठकूआक्का, घरला ये!" मग सगळे गप्प राहून ओ यायची वाट बघतात. ओ येत नाही. पलीकडच्या डोंगरातून कधी कधी तिचाच आवाज येतो, तिचंच नाव घेऊन. बाया डोळे पुसतात आणि मग आपापल्या पोरांना हाका मारतात.