कारल्याचं हेवी मेटल

कोल्हापूरच्या हेवी मेटल स्पर्धेत शलाकाने घसा फाडफाडून चक्क कारल्याच्या भाजीवर गाणं म्हटलं. पोरं हसून हसून बेजार झाली. परीक्षक समशेर सर मात्र भडकले. काळं जाकीट, आत कवटी छापलेला टी-शर्ट. माइक ओढून ते गरजले, "मेटल म्हणजे मृत्यू! इथं हसण्याला जागा नाही. तुम्ही बाद!"

ड्रमवाला निमूटपणे सामान आवरू लागला. शलाकाला काही चैन पडेना. ती पायऱ्या उतरली, थबकली, तरातरा परत वर आली.

"सर, मग तुमच्या मृत्यूलाही बाद करा."

"म्हणजे?"

तिने त्यांच्या छातीवरच्या कवटीकडे बोट दाखवलं. "तो बघा, मघापासून बत्तिशी दाखवत हसतोय."

सरांनी खाली पाहिलं आणि भर उकाड्यात जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली.